इनटेक मॅनिफोल्ड घरी बदलावा का? – अनुभव धागा

इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरला हवा वाटून देणारा नळ्यांचा भाग. ज्यांनी तो बदलायचं काम स्वतः केलंय, किंवा बॉनेट उघडून बघून गॅरेजला दिलंय, त्यांनी लिहा. कशावरून ठरवायचं आणि काम अडतं कुठे, एवढंच हवंय.

—

आधी मॅनिफोल्डच दोषी आहे का ते बघा. पी ०१७१ कोड (हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय) आला की लगेच नवा मागवू नका. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम पाहा, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर इंधन किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. आयडलिंगला १० ते १५ टक्के अधिक आणि २५०० आरपीएमला शून्याकडे येत असेल, तर कुठूनतरी जास्तीची हवा शिरतेय. आयडलिंगला इंजिन मुळातच कमी हवा घेतं, म्हणून गळती तिथे जास्त जाणवते. दोन्हीकडे सारखाच चढा असेल तर फ्युएल पंप, फिल्टर किंवा एमएएफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) तपासा. मग स्मोक टेस्ट, म्हणजे हवेच्या मार्गात धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघणं. धूर जोडातून आला तर बहुतेकदा नुसतं गॅस्केट (जोडातली सील) बदललं तरी पुरतं. प्लॅस्टिकला तडा गेलाय, मॅनिफोल्ड वाकलाय किंवा आतले फ्लॅप (हवेचा मार्ग बदलणाऱ्या झडपा) सैल झालेत, तरच नवा घ्या.

—

इनलाइन चार सिलिंडर, पोर्ट इंजेक्शन (पेट्रोल सिलिंडरच्या आधी, हवेच्या मार्गात फवारलं जातं), मॅनिफोल्डमधून कूलंट जात नाही: बिनधास्त करा, एक पूर्ण दिवस हाताशी ठेवा. व्ही-६ मध्ये कूलंटचा मार्ग मॅनिफोल्डमधून असेल तर दोनदा विचार करा. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये) हाय प्रेशर पाइप काढावा लागणार असेल तर सरळ गॅरेजला द्या. तिथे दाब १५० बारच्या वर जाऊ शकतो.

—

पोर्ट इंजेक्शनवाल्यांसाठी: इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. इंधनाचा दाब उतरवायला फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मगच बॅटरीची निगेटिव्ह तार काढा.

सगळे बोल्ट निघाले तरी मॅनिफोल्ड हलत नाही, तेव्हा खालून-मागून आधाराचा ब्रॅकेट शोधा, एखादा बोल्ट तिथेच राहिलेला असतो. पेचकस घालून उचकटलं तर सिलिंडर हेडच्या (मॅनिफोल्ड ज्यावर बसतो त्या भागाच्या) अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा उठतो आणि नवं गॅस्केटही तिथून गळतं.

—

मॅनिफोल्ड निघाला की हेडमधली हवेची भोकं, म्हणजे पोर्ट, उघडे पडतात. प्रत्येकात स्वच्छ फडकं घाला आणि किती घातली ते कागदावर लिहा. एक आत राहिलं तर ते थेट व्हॉल्व्हवर जातं. जुनं गॅस्केट प्लॅस्टिकच्या पट्टीनेच खरवडा. ग्राइंडरची खरखरीत डिस्क अजिबात नको, तिची भुकटी तेलात मिसळून बेअरिंग खाते. मग पृष्ठभाग सपाट आहे का बघायला सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) लावा. ०.१० मिमीचं पातं आरामात आत जात असेल तर मॅन्युअलमधली मर्यादा बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

—

रबरी गॅस्केटला सिलिकॉन लावू नका, ते सरकतं. इंजेक्टरच्या ओ-रिंग नव्याच टाका, स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट फिरवून. कोरडी ओ-रिंग बसताना कापली जाते आणि गरम इंजिनवर पेट्रोल गळतं.

—

टॉर्क पाना छोटा हवा, ५ ते २५ न्यूटन मीटरचा. बरेच प्लॅस्टिक मॅनिफोल्ड १० ते २० मध्येच बसतात, नेमका आकडा तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमधला. मोठ्या पान्यावर एवढा कमी टॉर्क नीट कळत नाही आणि हेडमधले आटे जातात. मधल्या बोल्टपासून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत.

—

वरच्यांना जोड: फ्यूज परत लावून इंजिन चालू करण्याआधी इग्निशन दोन-तीनदा ऑन-ऑफ करा, म्हणजे इंधनाचा दाब तयार होतो, आणि टॉर्च मारून फ्युएल रेल (इंजेक्टरांना पेट्रोल देणारी नळी) कोरडी आहे का पाहा. कूलंट काढलं असेल तर ते भरून त्यात अडकलेली हवा काढा. दोन दिवस चालवून फ्युएल ट्रिम पुन्हा बघा. अजूनही १० टक्क्यांच्या वर असेल तर ब्रेक बूस्टरचा आणि पीसीव्हीचा (इंजिनच्या आतली वाफ परत हवेच्या मार्गात नेणारा) पाइप नीट बसलाय का तपासा, मॅनिफोल्ड लगेच परत उघडू नका.