'तुमचे कान तयार नाहीत' म्हणणाऱ्यांना सविस्तर उत्तर

गणपतीपेठ : परवा इथे फोरमवर स्वरगंध यांनी लिहिलं की ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंतची वायर बदलली, २२ हजार मोजले आणि भीमसेनजींच्या मागचा तंबोरा 'पडद्याआडून पुढे आला'. त्यांचा पैसा, त्यांचा आनंद, माझी हरकत नाही. पण शेवटचं वाक्य होतं, 'ज्यांना फरक कळत नाही त्यांचे कान अजून तयार नाहीत.' दोन दिवस ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितो.

मी सांगलीत ३४ वर्षं ॲम्प दुरुस्त करतोय. अडीच चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ७ मिलिओहम. पाच मीटर अंतर, जाऊन-येऊन दहा मीटर, म्हणजे ०.०७ ओहम. समोर ८ ओहमचा स्पीकर. आवाज कमी होणार ०.०८ डेसिबलनं. एवढ्यात पडदा कुठला सरकतो?

आता माझीच गोष्ट. एका गिऱ्हाइकाच्या जुन्या ॲम्पचे सगळे कॅपॅसिटर बदलायचे होते. तसाच दुसरा ॲम्प घेऊन त्यात नवे टाकले, दोन्ही एका खटक्यावर जोडले आणि त्यांना बोलावलं. खटका खाली, जुना. खटका वर, नवा. तबला मोकळा झाला, आवाजाला हवा मिळाली, असं दोघांचंही एकमत. ते खुशीत गेले. रात्री आवरताना पाहिलं तर तपासणीसाठी लावलेला जंपर, म्हणजे खटक्याला वळसा घालणारी वायर, काढायचाच राहिला होता. खटका वर काय, खाली काय, वाजत होता जुनाच. तो फरक मी स्वतः ऐकला होता. मी खोटं बोलत नव्हतो, तेही नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांना फोन करताना घशाला कोरड पडली.

तेव्हापासून झाकून, म्हणजे कोणतं वाजतंय ते न कळता, ऐकल्याशिवाय मी कुणाला काही बदलायला सांगत नाही. दोन्हीकडचा आवाज मीटरनं ०.१ डेसिबलच्या आत सारखा करा, कारण जरा मोठं वाजलं तरी ते चांगलंच वाटतं. मग १६ वेळा ऐका, कोणतं वाजतंय ते १२ वेळा बरोबर सांगा. नुसत्या नशिबानं एवढं शंभरात चारदाच जमतं. मी दुकान बंद ठेवून येतो.

स्वरगंध : साहेब, मी मिरजेचा. शाळेतून येताना सतारमेकर गल्लीत उभा राहायचो. कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानशीचे दोन हात मारायचा, तारेखालचा धागा केसभर सरकवायचा आणि तोच षड्ज असा उमलायचा की अंगावर काटा यायचा. त्यानं कधी मीटर लावला? त्या म्हाताऱ्याचीही १६ वेळा परीक्षा घेणार का? परीक्षेला बसलेला माणूस गाणं ऐकत नसतो, तो घाबरलेला असतो. मी ही वायर तीन आठवडे ऐकतोय.

आणि तुमच्या झाकून ऐकण्यातूनच निघालेलं सांगतो. २०१६ साली ध्वनी-संशोधक जोशुआ रीस यांनी १८ प्रयोगांचे निकाल एकत्र केले. सीडीपेक्षा बारीक रेकॉर्डिंग लोकांनी ५० टक्क्यांहून जास्त वेळा ओळखलं.

गणपतीपेठ : ५२.३ टक्के. पूर्ण सांगा की. तरी मान्य, शून्य नाही. पण ते रेकॉर्डिंगबद्दल होतं, वायरबद्दल नाही.

आणि जवारीचं, म्हणजे घोडी आणि धाग्यानं उमलणाऱ्या त्या झंकाराचं, उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली याच घोडीवर लिहिलंय. तार जिथे छेडली त्या जागेमुळे काही उपस्वर, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणारे वरचे सूर, निघूच नयेत असा जुना नियम, तंबोऱ्यात ते निघतात, कारण तार घोडीच्या उतरत्या पाठीला टेकत-सुटत राहते. कानाला कळलं ते मोजमापातही आलं. धागा काढा आणि गाण्यातलं काही न कळणाऱ्या पोराला विचारा, तोही सांगेल. त्या कारागिराला डोळे बांधून बसवा, त्याचं काही अडणार नाही.

कृष्णाकाठ : जवारी निघालीच आहे तर माझंही ऐका. ज्या मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिथून दहा किलोमीटरवर सांगलीत बैठकीला गायक मोबाइल माइकसमोर ठेवतात. त्यात तंबोऱ्याचं एकच आवर्तन फिरून फिरून वाजतं. आमचे कारागीर गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेत आणि तुम्ही वायरवर भांडताय.

पहाट_रियाझ : मी गाणं शिकवते. गावभागातलं आमचं घर २०१९च्या पुरात पाण्यात होतं. तंबोऱ्याचा भोपळा भिजून फुगला आणि वाळताना चिरला. त्यानंतर दोन वर्षं मी इलेक्ट्रॉनिक पेटीतल्या तंबोऱ्यावर रियाझ केला. तो नसता तर गाणंच सुटलं असतं. पावसाळ्यात खऱ्या तारा दर दहा मिनिटांनी उतरतात. आणि तंबोरा धरायला माणूस कुठून आणू?

कृष्णाकाठ : मग मुलांना षड्ज कसला कळणार, ताई? जवारी न ऐकता शिकलेला गळा कोरडाच राहतो.

पहाट_रियाझ : माझ्या विद्यार्थिनींचं गाणं न ऐकता तुम्ही त्यांचे गळे कोरडे ठरवलेत. वर स्वरगंध तेच करतात, न ऐकता लोकांचे कान काढतात. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या खरखरतात, वरचे उपस्वर त्यात फारसे नाहीतच. तरी माझ्या मुली त्या ऐकताना मान खाली घालून बसतात. आधी त्यांचं गाणं ऐका, मग मला शिकवा.

तबकडीवाला : तबकड्यांवरून आठवलं. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी. त्यांच्या महागड्या एलपी लोक 'शुद्ध ॲनालॉग', म्हणजे मध्ये डिजिटल काहीच नाही, म्हणून जपायचे. २०२२ साली कळलं की २०११ पासून मध्ये डिजिटल टप्पा होता. इतकी वर्षं 'तयार' कानांनी त्याच एलपींची तारीफ केली. माझ्याकडेही दोन आहेत. चांगल्याच वाजतात, आजही.

गणपतीपेठ : स्वरगंध, एक बाजू तुमची घेतो, कारण ती खरी आहे. जुन्या वायरची टोकं काळी पडली असतील किंवा स्क्रू ढिला असेल, तर नवी बसवताना सांधा आपोआप नीट झाला असेल. तो फरक कानाला कळतो. पण त्याला पॉलिश पेपरचा तुकडा पुरतो. उरलेल्या पैशात शहाबादी फरशीवर जाड सतरंजी टाका, स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घ्या. त्यानं तंबोरा खरंच पुढे येईल.

स्वरगंध : माळ्यावरून जुनी वायर काढली. डाव्या बाजूचं टोक हिरवं पडलंय. तेवढ्यानं मी नवी वायर काढणार नाही. मला ती आवडते. पण कानांबद्दलचं वाक्य मी मागं घेतो. रविवारी या, मीटर तुम्ही आणा. दोन्ही वायरी ठेवतो. १२ येतील असं अजूनही वाटतंय.

कृष्णाकाठ : ताई, पेटीबद्दलचं मत बदललेलं नाही. कोरडे गळे म्हणालो ते चुकलं. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी मी मोकळा असतो. माझा तंबोरा घेऊन येतो, दीड तास धरतो. पेटी तेवढी बंद ठेवा.

पहाट_रियाझ : साडेपाचला या. आमचा सूर काळी चार.