गायक कुमार गंधर्वांचं बालपण त्यांच्या गाण्याच्या हिशेबात धरायचं का?

विलंबित: कुमार गंधर्वांचा विषय निघाला की आधी बेळगावजवळच्या सुळेभावीचा तो पोर, मुंबईच्या जिना हॉलमधलं लहानपणचं गाणं आणि तबकड्यांवरचं गाणं हुबेहूब गाऊन दाखवणं. माझ्या मते ती नक्कल होती. अब्दुल करीम खाँसाहेब, वझेबुवा, सगळे लकबींसकट. आपण ज्या कुमारांवर जीव टाकतो ते माळव्यातल्या देवासला घडले. क्षयामुळे १९४८ ला तिथं गेले, गाणं बंद. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध आलं तेव्हा कुठे १९५३ च्या सुमारास पुन्हा गायला लागले. लहानपणच्या जलशांचा काळ वजा केला तरी त्यांचं गाणं तेवढंच राहतं.

खडा पंचम: कसं राहील? वझेबुवांची तान अकरा-बाराव्या वर्षी गळ्यातून काढायची तर तिची जात आधी कानाला कळावी लागते. शिवाय मुंबईत देवधर मास्तरांकडे गाणं शिकण्यातली मधली वर्षं तुम्ही सरळ गिळलीत! मास्तर विष्णु दिगंबर पलुस्करांच्या परंपरेतले, पण चांगली चीज कुठल्याही घराण्याची असो, जमवणारे. गायिका अंजनीबाई मालपेकरांचीही तालीम मिळाली. देवासला गेला तो तयार गवई होता.

सांजवात: आजारपणाचे इतके गोडवे गाऊ नका हो. एक फुप्फुस निकामी झालं, म्हणून ते आलापाचे छोटे तुकडे आणि मध्येच उसळणारी तान, असं सर्रास म्हणतात. मला पटत नाही. माळव्यातली लोकगीतं ऐकून त्या धुनांतून संजारी, मालवतीसारखे राग उभे करणं हे डोक्याचं काम आहे, श्वासाचं नव्हे. १९६५ चं त्यांचं 'अनुपरागविलास' हे पुस्तक उघडून बंदिशी बघा.

पारावरचा: मला वडिलांचं, सिद्धरामय्यांचं नवल वाटतं. स्वतः गाणारा माणूस, पोराचं नाव गावोगाव झालेलं, 'कुमार गंधर्व' ही पदवीही एका स्वामींनी देऊन झालेली. तरी पोराला मुंबईत देवधरांकडे शिकायला ठेवलं. आज टीव्हीवर गाजलेल्या किती पोरांचे आईबाप कार्यक्रमांच्या सुपाऱ्या सोडून असं करतील?

विलंबित: पारावरचा माझंच म्हणतोय. कौतुक थांबवून शिकायला बसवलं, म्हणून पुढचं झालं. माझा राग त्या कौतुकावर आहे, देवधरांकडच्या वर्षांवर नाही.

खडा पंचम: मग शीर्षकात 'जलसे' लिहा की राव, बालपणाला कशाला धोपटताय?