विषय: वडील गेल्यानंतर आईची कागदपत्रं, गोव्यातलं कुणी सांगेल का?

नमस्कार मंडळी,
गेल्या महिन्यात वडील वारले. आई पेडण्याला एकटी आहे, बहीण पर्वरीला असते आणि मला मस्कतला परतावं लागलं. कोल्हापूरचे मामा म्हणतात, तलाठ्याकडे वारसनोंद केली की झालं. गावातले म्हणतात, आधी ‘डीड’ करा. बँक भलतंच काही मागते. सुरुवात कुठून करू?

---

उत्तर: (फोंड्याहून)

वाचून फार वाईट वाटलं. आईंना माझा नमस्कार सांगा. आम्ही गोव्याला परतलो आणि पुढे हे गेले, तेव्हा हे सगळं मी स्वतः केलंय. म्हणून सविस्तर लिहिते.

मामा सांगतात ते महाराष्ट्रातलं. आपल्याकडे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली पद्धत आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. म्हणजे अर्धा वाटा आईंचा आधीपासूनच आहे, तो त्यांना वडिलांकडून मिळायचा नाहीये. वारसा उघडतो तो फक्त वडिलांच्या अर्ध्याचा, आणि त्यात तुम्ही नि बहीण सारखे. कागदावर आईंच्या नावापुढे ‘मॉयटी होल्डर’, म्हणजे अर्ध्याच्या मालक, असं यायलाच हवं. मसुदा हातात आला की आधी ती ओळ शोधा.

हे इतकं ठासून सांगते, कारण भेटायला येणाऱ्यांतच कुणीतरी म्हणतं, “आता सगळं मुलांच्या नावावर करून टाका, त्यांना कशाला त्रास?” आईंना इतक्यात हक्क सोडल्याच्या कुठल्याही कागदावर सही करू देऊ नका. तुमचं प्रेम आहे हे मला ठाऊक आहे, तरीही. एका कचेरीत मला विचारलं होतं, “घरातलं पुरुषमाणूस कुणी नाही का?” मी म्हटलं, अर्ध्याची मालकीण मी आहे, जे सांगायचं ते मला सांगा. आईंनाही हे बोलता आलं पाहिजे, म्हणून बहिणीनं एकटीनं न जाता त्यांना बरोबर न्यावं.

डीड म्हणजे सक्सेशन डीड, वारस कोण ते नोंदवणारा दस्त. 2012 च्या गोवा वारसा कायद्याखाली ते स्पेशल नोटरीपुढे होतं, तालुक्याच्या सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत. मुलांबरोबर जावई-सुनांची नावंही येतात, तेव्हा तुमच्या लग्नाचा दाखलाही काढून ठेवा. गॅझेटात नोटीस छापून येते. मग त्या डीडवर म्युटेशनचा, म्हणजे नावबदलाचा, अर्ज करायचा, की जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नावं लागतात. वाटणीवरून जमलं नाही तर दिवाणी कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून कोर्टामार्फत वाटणी.

खरा वेळ खातात ती नावं. 1961 पूर्वीच्या नोंदी पोर्तुगीजमध्ये आहेत, स्पेलिंगही त्यांचंच. नोंदवहीत ‘कामोतीं’, आधारवर ‘कामत’. जन्माचा आणि लग्नाचा तेओर, म्हणजे नोंदवहीतल्या नोंदीची प्रमाणित नक्कल, आताच काढा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा. फरक दिसला तर दोन्ही नावांचा माणूस एकच असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. ते ऐनवेळी आठवलं तर सगळं अडून बसतं.

मृत्यूची नोंद मृत्यू जिथे झाला तिथली. बांबोळीला इस्पितळात वारले असतील तर पेडण्याच्या पंचायतीत दाखला शोधू नका. मूळ प्रती भरपूर घ्या, प्रत्येक जण एक ठेवून घेतो.

वडिलांना पेन्शन होती का? असेल तर बँकेला लगेच कळवा. नंतर जमा झालेली रक्कम परत मागतात, आणि तेव्हा आईंना धक्का बसतो. फॅमिली पेन्शनचा अर्ज वेगळा असतो. खात्याला नॉमिनी असेल तर पैसे त्याच्या हातात देतात, पण त्यानं तो मालक होत नाही. वीज, गॅस, घरपट्टी सावकाश झाली तरी चालेल.

---

ताई, मनापासून आभार. आईला फोनवर वाचून दाखवलं. “अर्धं माझंच?” असं तिनं दोनदा विचारलं. वडिलांना पेन्शन होती, बहीण उद्याच बँकेत जाते. मला मात्र लवकर रजा मिळणार नाही. बहिणीला कुलमुखत्यारपत्र दिलं तर चालेल का?

---

चालेल. मस्कतच्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्या. तुमच्या बायकोचीही सही लागेल असं धरून चला, तिचं वेगळं करा. मूळ कागद गोव्यात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथला मुद्रांक लागला पाहिजे, बहिणीला ही तारीख लिहून ठेवायला सांगा. आणि त्यात कामं नेमकी लिहा: डीड, म्युटेशन, बँक. विकण्याचा अधिकार घालू नका. डीडचा मसुदा आला की मला पाठवा, ओळ न् ओळ वाचून देते.