मदत हवी आहे: बॉर्डरपलीकडे नोकरी, डोक्यावर ब्रेक्झिट, शुक्रवारपर्यंत सही

फॉयलकाठ | ७ ऑक्टोबर २०१९, रात्री ११:४०

मंडळी, आयर्लंड-उत्तर आयर्लंड बॉर्डरच्या पलीकडे नोकरी मिळाली आहे. गाडीने अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. शुक्रवारपर्यंत सही करून पत्र परत पाठवायचं आहे. ३१ ऑक्टोबरला ब्रिटन युरोपियन युनियनमधून (ईयू) कराराशिवाय बाहेर पडलं तर रोजचं जाणं-येणं बंद होईल का? चेकपोस्ट बसतील का? गेल्या आठवड्यात बातमी आली की सीमेपासून काही मैलांवर कस्टम्सची केंद्रं होणार, आणि लगेच पंतप्रधान जॉन्सन म्हणाले तसं काही ठरलेलं नाही. मी विश्वास कोणावर ठेवायचा? मुलीची शाळा आहे, घराचं कर्ज आहे, आत्ताची नोकरी एकदा सोडली की परत मिळणार नाही. वकिलाला विचारा असं कृपया सांगू नका, शुक्रवारच्या आत कुणी वेळ देत नाहीये. प्रत्यक्ष अनुभव असेल त्यांनी लिहा.

डोंबिवलीकर | ८ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

पलीकडे म्हणजे कुठे? राहता कुठे? आयर्लंडात राहून उत्तर आयर्लंडात नोकरी, की उलट?

फॉयलकाठ | ८ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

डेरीत राहतो, म्हणजे उत्तर आयर्लंड, यूकेत. नोकरी लेटरकेनीत, म्हणजे आयर्लंडच्या डोनेगलमध्ये. फॉयल ही डेरीची नदी, आयडीवरून कळेल असं वाटलं होतं.

बंटी_लीड्स | ८ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

बिनधास्त सही करा. २९ मार्च आला आणि गेला, १२ एप्रिल आला आणि गेला, आता ३१ ऑक्टोबर. बेन कायदा झाला आहे. १९ तारखेपर्यंत संसदेने काही मंजूर केलं नाही तर जॉन्सनना मुदतवाढीचं पत्र लिहावंच लागेल. पुन्हा ढकलणार, लिहून ठेवा.

इतिहासाचं_पान | ८ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

बंटी, लीड्समध्ये बसून बिनधास्त म्हणणं सोपं आहे. ही सीमा सुमारे ५०० किलोमीटरची, तिच्यावर दोनशेहून जास्त रस्ते. १९९८ च्या आधीच्या उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र संघर्षाच्या काळात त्यातले बरेचसे सैन्याने खड्डे खणून आणि काँक्रीटचे ठोकळे टाकून बंद केले होते, मोजक्याच रस्त्यांवरून अधिकृत ये-जा चाले. धागाकर्ते ज्या बंक्राना रोडने जातील त्याच रस्त्यावर कॉशक्विनला लष्करी चौकी होती. ऑक्टोबर १९९० मध्ये एका स्थानिक माणसाच्या घरच्यांना ओलीस धरून, त्याला बॉम्ब भरलेली गाडी त्या चौकीवर न्यायला लावलं. तो आणि पाच सैनिक मेले. १० एप्रिल १९९८ चा गुड फ्रायडे करार झाल्यावर हळूहळू चौक्या, टेहळणी मनोरे गेले. आज तिथे फक्त मैलांच्या पाट्या जाऊन किलोमीटरच्या येतात.

म्हणून तिथे एक कॅमेरा जरी खांबावर बसला तरी तो लक्ष्य होईल, हे पोलीससुद्धा सांगतात. याच वर्षी एप्रिलमध्ये डेरीच्या क्रेगनमध्ये लायरा मॅकी ही तरुण पत्रकार गोळी लागून गेली. सीमेचा प्रश्न कस्टम्सच्या अर्जांचा आहे असं समजू नका.

बंटी_लीड्स | ८ ऑक्टोबर, सकाळी ९:४२

इतिहास मान्य. पण म्हणूनच कुणीही चौकी बसवणार नाही. तुम्ही माझाच मुद्दा सांगताय.

इतिहासाचं_पान | ८ ऑक्टोबर, सकाळी ९:५५

नाही. बसवायची कुणाचीच इच्छा नाही आणि तरी बसेल, अशी परिस्थिती आहे. एका बाजूला ईयूची एकसंध बाजारपेठ, दुसऱ्या बाजूला तिच्या बाहेरचा देश. मालाची तपासणी कुठेतरी होणारच. रस्त्यावर नाही तर समुद्रात, समुद्रात नाही तर रस्त्यावर. आधीच्या पंतप्रधान मे बाईंच्या करारातला बॅकस्टॉप, म्हणजे सीमा उघडी ठेवायची हमी, याच्यासाठीच होता, आणि त्यावरूनच तो करार १५ जानेवारीला संसदेत ४३२ विरुद्ध २०२ असा आपटला.

अनघा_बेलफास्ट | ८ ऑक्टोबर, सकाळी १०:२०

फॉयलकाठ, सगळ्यात आधी सांगा: पासपोर्ट कोणता? बाकी सगळं नंतर.

मीनल_र | ८ ऑक्टोबर, सकाळी ११:००

कुत्रा किंवा मांजर असेल तर आत्ताच तयारीला लागा. करार न होता बाहेर पडलो तर प्राण्यांचा ईयू पासपोर्ट चालणार नाही. रेबीजची लस, मग रक्ततपासणी, मग थांबायचं, अशी सगळी मिळून किमान चार महिन्यांची प्रक्रिया आहे.

फॉयलकाठ | ८ ऑक्टोबर, दुपारी १:१०

कुत्रा नाही. पासपोर्ट ब्रिटिश, दोन वर्षांपूर्वी झाला. ओसीआय आहे. आता कुणी मूळ प्रश्नाचं उत्तर देईल का?

अनघा_बेलफास्ट | ८ ऑक्टोबर, दुपारी १:३५

हेच मूळ प्रश्नाचं उत्तर आहे. ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांना एकमेकांच्या देशात राहायचा आणि काम करायचा हक्क कॉमन ट्रॅव्हल एरियामुळे, म्हणजे दोन्ही देशांतल्या मोकळ्या ये-जा व्यवस्थेमुळे मिळतो. तो ईयूच्या आधीपासूनचा, १९२० च्या दशकापासूनचा आहे, ईयूमुळे आलेला नाही आणि ईयूबरोबर जाणारही नाही. यंदा ८ मेला दोन्ही सरकारांनी तो लेखी पुन्हा मान्य केला आहे. ३१ तारखेला काहीही होवो, तुम्हाला लेटरकेनीत नोकरीसाठी परमिट लागणार नाही. आणि माणसांचे पासपोर्ट सीमेवर तपासायचे असं दोन्हीपैकी एकही सरकार म्हणत नाही. वाद मालाचा आहे.

गाडीचं मात्र बघा. करार नाही झाला तर उत्तर आयर्लंडच्या नंबरची गाडी पलीकडे न्यायला विम्याचं ग्रीन कार्ड लागेल. छापील लागतं, फोनवर दाखवून चालत नाही. विमा कंपनीला आजच फोन करा.

आता पुढचा प्रश्न. बायकोचा पासपोर्ट कोणता?

मालवणी_माणूस | ८ ऑक्टोबर, दुपारी २:००

एवढे घाबरतात कशाला सगळे? आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर आपल्या मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. वडील डॉक्टर अशोक वराडकर यांचं मूळ गाव तेच. आपला माणूस आहे, मराठी माणसाला वाऱ्यावर सोडणार नाही.

डोंबिवलीकर | ८ ऑक्टोबर, दुपारी २:२०

अभिमान मलाही आहे. पण ते जन्माने डब्लिनचे आहेत आणि आयर्लंडच्या हितासाठी भांडतायत. तेच त्यांनी करायला हवं. मराठी माणसाच्या व्हिसाशी त्याचा संबंध नाही.

फॉयलकाठ | ८ ऑक्टोबर, रात्री ९:१५

अनघाताई, आभार. पहिल्यांदाच कुणी सरळ सांगितलं. बायकोचा भारतीय, इथे स्पाउस व्हिसावर आहे. पण नोकरी मला आहे, तिला नाही, त्यामुळे लिहिलं नव्हतं. कंपनी म्हणते पहिले सहा महिने आठवड्यातून दोन दिवस घरून काम करा, नंतर लेटरकेनीत राहायला आलात तर सुरुवातीचं भाडं आम्ही देऊ. भाडं इथल्यापेक्षा कमी आहे, तेव्हा जायचाच विचार आहे.

अनघा_बेलफास्ट | ८ ऑक्टोबर, रात्री ९:४०

थांबा. तुमची अडचण इथे आहे, चेकपोस्टमध्ये नाही.

तुमची बायको आज डेरीत ज्या व्हिसावर आहे तो नवरा-बायको यूकेत एकत्र राहतात या अटीवर आहे. पाच वर्षं पूर्ण झाली की कायम वास्तव्याचा अर्ज. मध्येच डोनेगलला बिऱ्हाड हलवलंत तर ती साखळी तुटेल. किती वर्षं झाली आहेत?

दुसरं. ब्रिटिश नागरिक आयर्लंडात राहायला गेला की आज त्याच्या भारतीय बायकोला ईयू नागरिकाचं कुटुंब म्हणून तिथे राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क मिळतो. ब्रिटन बाहेर पडलं की तुम्ही ईयू नागरिक उरत नाही. कॉमन ट्रॅव्हल एरिया तुम्हाला वाचवतो, तिला नाही. मग ती आयर्लंडच्या स्वतःच्या इमिग्रेशन नियमांत येते, आणि ते बरेच कडक आहेत.

बंटी_लीड्स | ८ ऑक्टोबर, रात्री १०:०५

उगाच घाबरवू नका. माझा चुलतभाऊ बायकोला घेऊन कितीतरी वेळा बेलफास्टहून डब्लिनला गेला, तिचा भारतीय पासपोर्ट, आयरिश व्हिसा नव्हता. कुणीही विचारलं नाही.

अनघा_बेलफास्ट | ८ ऑक्टोबर, रात्री १०:२०

कुणी विचारलं नाही म्हणजे कायदेशीर झालं असं नाही. डब्लिनच्या बसमध्ये गार्डा, म्हणजे आयरिश पोलीस, चढतात आणि कागद बघतात, मी स्वतः त्या बसमध्ये बसलेली आहे. एकदा पकडलं गेलं की पुढच्या प्रत्येक अर्जात ते लिहावं लागतं. ज्या बाईचा कायम वास्तव्याचा अर्ज यायचा आहे तिला असा सल्ला देऊ नका. आत्तासुद्धा बंक्रानाच्या समुद्रावर फिरायला जायचं तरी तिला आयरिश व्हिसा हवा. नवऱ्याबरोबर जात असेल तर ब्रिटिश नागरिकाची बायको म्हणून तो सध्या विनाशुल्क मिळतो.

सीए_सुहास | ९ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

घरून दोन दिवस? हे कुणाच्या लक्षात आलं नाही का? आजच्या ईयू नियमाने राहत्या देशात पाव हिस्सा किंवा जास्त काम केलं तर सामाजिक विमा राहत्या देशाचा. पाचातले दोन दिवस म्हणजे ४० टक्के. म्हणजे आयरिश कंपनीला तुमच्यासाठी ब्रिटिश नॅशनल इन्शुरन्स भरावा लागेल. बऱ्याच कंपन्यांना हे ठाऊकच नसतं आणि नंतर सगळं निस्तरायला कामगाराच्या गळ्यात येतं. सही करण्याआधी त्यांच्या पगार विभागाकडून लेखी घ्या.

कर आधी आयर्लंडात पगारातून कापला जाईल, मग इथे सेल्फ असेसमेंट (स्वतः भरायचं विवरणपत्र), तिथे भरलेल्याची वजावट. पगार युरोत, कर्जाचा हप्ता पाउंडात. २०१६ च्या सार्वमतानंतर पाउंड पडला तेव्हा माझ्या डोनेगलच्या पगारावर जगणाऱ्या अशिलांना फायदा झाला. उद्या करार झाला आणि पाउंड वधारला तर उलटं होईल. तोही हिशेब मांडा.

इतिहासाचं_पान | ९ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

एक सांगायचं राहिलं. डोनेगलचे कॅन्सरचे रुग्ण रेडिओथेरपीला डेरीच्या अल्टनागेल्विन रुग्णालयात येतात, त्या केंद्राला आयरिश सरकारनेही पैसा दिला आहे. उत्तरेतली लहान मुलं हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी डब्लिनला जातात. तिथली माणसं सीमा विसरली होती. फॉयल मतदारसंघात ७८ टक्के लोकांनी ईयूत राहायचं मत दिलं ते उगीच नाही. त्यांना कुणी विचारलंच नाही.

बंटी_लीड्स | ९ ऑक्टोबर, सकाळी ८:४५

सार्वमत घेऊन विचारलं नाही असं कसं म्हणता? एका देशाचं एक मत.

संपादक | ९ ऑक्टोबर, सकाळी ९:००

सार्वमताच्या चर्चेसाठी वेगळा धागा आहे. इथे धागाकर्त्याला मदत करू या. कुत्र्यांवरचे सात प्रतिसाद हलवले आहेत.

फॉयलकाठ | ११ ऑक्टोबर, सायंकाळी ६:२०

तिची साडेतीन वर्षं झाली आहेत. म्हणजे अजून दीड. कंपनीशी बोललो. घरून एकच दिवस, आणि राहायला येण्याची अट पत्रातून काढून घेतली. ग्रीन कार्ड विमा कंपनी पाठवते आहे. काल इंग्लंडात विरलमध्ये जॉन्सन आणि वराडकर भेटले, कराराची वाट दिसते आहे म्हणाले, ते वाचूनच सही करावी असं बायकोचं म्हणणं होतं. मी दुपारीच केली. डेरी सोडणार नाही.

सीए_सुहास | ११ ऑक्टोबर, सायंकाळी ७:००

एक दिवस म्हणजे २० टक्के. चालेल. आजारी मुलगी, बर्फ, काहीही कारणाने घरून जास्त दिवस होऊ देऊ नका, नोंद ठेवा.

डोंबिवलीकर | १७ ऑक्टोबर, रात्री ८:१०

करार झाला! उत्तर आयर्लंड मालापुरतं ईयूच्या नियमांत राहणार, तपासणी आयरिश समुद्रात, म्हणजे ब्रिटन आणि उत्तर आयर्लंडच्या मध्ये. स्टॉरमाँटने, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या विधानसभेने, दर चार वर्षांनी मत द्यायचं.

इतिहासाचं_पान | १७ ऑक्टोबर, रात्री ८:४०

स्टॉरमाँट जानेवारी २०१७ पासून बंद आहे. डीयूपी या उत्तर आयर्लंडच्या पक्षाचे दहा खासदार विरोधात आहेत. शनिवारी संसदेत काय होतं ते बघू.

अनघा_बेलफास्ट | १७ ऑक्टोबर, रात्री ९:३०

फॉयलकाठ, हा करार मंजूर झाला तर ३१ डिसेंबर २०२० पर्यंत संक्रमणकाळ आहे, तोवर ईयूचे हक्क चालू. म्हणजे डोनेगलला जायचंच ठरवलंत तर बायकोच्या हक्कासाठी तुम्हाला ३१ ऑक्टोबर नाही, पुढचं पूर्ण वर्ष मिळेल. पण तिच्या दीड वर्षाचा हिशेब आधी करा, पुढचं वर्ष तिची दीड वर्षं भरायच्या आतच संपतं.

न्यूरीवासी | २१ ऑक्टोबर, दुपारी १२:१५

सेम प्रश्न. शनिवारी करारावर मतच झालं नाही, मुदतवाढीचं पत्र गेलं. मी बॉर्डरच्या अलीकडे न्यूरीत, पलीकडे डंडॉकला नोकरीची ऑफर आहे. रस्ता वीस मिनिटांचा. सही करू ना?

अनघा_बेलफास्ट | २१ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

पासपोर्ट कोणता?

न्यूरीवासी | २१ ऑक्टोबर, दुपारी १:०५

भारतीय. इथे टियर २ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर.

अनघा_बेलफास्ट | २१ ऑक्टोबर, दुपारी १:२०

मग सही करू नका. तुमचा प्रश्न सेम नाही. तुम्हाला आयरिश एम्प्लॉयमेंट परमिट आणि आयरिश व्हिसा दोन्ही लागतील, ब्रेक्झिट झालं तरी आणि रद्द झालं तरी. शिवाय आत्ताची नोकरी सोडली की तुमचा टियर २ जातो. डंडॉकची कंपनी परमिटसाठी अर्ज करायला तयार आहे का ते आधी लेखी विचारा, आणि नवीन धागा काढा, तिथे सविस्तर लिहिते.