शाळेतल्या आर्थिक साक्षरतेच्या तासावरून सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

ए-२०३ सौ. जोशी: सर्वांना नमस्कार. शनिवारी शाळेत बाहेरून आलेल्या एका वक्त्याने ‘आर्थिक साक्षरता’ या विषयाचा तास घेतला. आमची सातवीतली मुलगी घरी आली ती एका विमा योजनेचे गुळगुळीत पत्रक घेऊन, आणि वर्गात फिरवलेल्या कागदावर आमचा मोबाईल क्रमांकही लिहून आली. कालपासून मला त्या योजनेचे फोन येत आहेत. बचत म्हणजे काय, असे विचारले तर ती पत्रकावरचे वाक्य म्हणून दाखवते. आणखी कोणाकडे असे फोन आले असल्यास कृपया कळवावे.

बी-१०१ नेने काका: मूळ मुद्दा एकच आहे. बाहेरच्या माणसाला वर्गात आणण्यापूर्वी शाळेने पालकांची लेखी संमती घेतली होती का?

सी-३०४ कदम: आमच्याकडेही फोन आला, आम्ही नको म्हणून सांगितले आणि विषय संपला. निदान शाळेने या विषयाला हात तरी घातला. प्रत्येक वेळी शाळेला धारेवर धरले, तर पुढे कोणीही काही नवीन करणार नाही.

बी-४०२ शिंदे काका: कदम साहेब, वाईट वाटून घेऊ नये, पण बँकेत उभी नोकरी केल्यामुळे मला हे सांगणे भाग आहे. पैसे शिकवणारा आणि योजना विकणारा माणूस एकच असेल, तर मुलांना फक्त त्याची योजना कळते. शाळेला विनामूल्य मार्ग उपलब्ध आहे. रिझर्व्ह बँक, शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सेबी, विमा नियामक आणि पेन्शन नियामक या चौघांनी मिळून उभारलेले राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्र आहे आणि त्याने सीबीएसईसोबत सहावी ते दहावीसाठी कार्यपुस्तिका तयार केल्या आहेत. त्यांत कोणत्याही कंपनीची जाहिरात नाही.

बी-१०१ नेने काका: शिंदे साहेबांची माहिती उपयुक्त आहे. तरीही माझ्या प्रश्नाचे उत्तर कोणी दिलेले नाही. लेखी संमती घेतली होती का?

ए-२०३ सौ. जोशी: माझ्याकडून कोणी घेतली नाही, काका. शिंदे काका, मुलीच्या स्वतःच्या नावाने खाते उघडता येईल का?

बी-४०२ शिंदे काका: येईल. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये काढलेल्या सूचनांनुसार दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला बचत खाते आणि मुदत ठेव स्वतंत्रपणे उघडून स्वतः चालवता येते. किती रकमेपर्यंत, हे प्रत्येक बँक ठरवते, आणि अशा खात्यातून शिलकीपेक्षा जास्त पैसे काढता येत नाहीत. टपाल कार्यालयातही दहा वर्षांवरील मुलाच्या नावाने खाते निघते. आपल्यापैकी अनेकांच्या शाळेत ‘संचयिका’ म्हणजे मुलांची बचत बँक होती. तिथे वरच्या वर्गातली मुलेच पैसे मोजून घेत, पासबुकात नोंद करत आणि शिल्लक जुळवत. बेरीज चुकली की शाळा सुटल्यावर बसून ती चूक शोधावी लागे. त्या अर्ध्या तासात मूल जे शिकत असे, ते पडद्यावर चित्रे दाखवून शिकवता येणार नाही.

सी-३०४ कदम: काका, संचयिकेचा काळ गेला. आता मुले मोबाईलवरून पैसे देतात.

बी-४०२ शिंदे काका: म्हणूनच ते शिकवणे अधिक गरजेचे आहे. नोट हातातून गेली की पाकीट रिकामे झालेले दिसते, मोबाईलवर ते दिसत नाही. दहावीच्या मुलांना एकच गणित घालावे: बचत खात्यावर वर्षाला चार टक्के व्याज मिळाले तर रक्कम दुप्पट व्हायला सुमारे १८ वर्षे लागतात, आणि क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्के लागले तर तीच रक्कम सुमारे २० महिन्यांत दुप्पट होते.

ए-५०१ देशपांडे काकू: विषय निघालाच आहे म्हणून स्पष्टच लिहिते. मागच्या गणपतीत मुलांनी वडापावचा स्टॉल लावला आणि आरतीनंतर ‘नफा’ म्हणून जी रक्कम जाहीर झाली, ती सगळी विक्री होती. बटाटे, तेल आणि गॅस माझ्या घरचे होते आणि त्यांचा उल्लेखही झाला नाही. मला पैसे नको होते, परंतु विक्रीतून खर्च वजा झाल्याशिवाय नफा म्हणत नाहीत, एवढे तरी मुलांना कळायला हवे होते.

सी-३०४ कदम: काकू, तो हिशेब मुलांच्या उत्साहासाठी मी वाचून दाखवला होता. आपल्याला कमी लेखण्याचा हेतू नव्हता.

ए-५०१ देशपांडे काकू: हेतूबद्दल माझी तक्रार नाही. हिशेबाबद्दल आहे.

बी-१०१ नेने काका: कृपया मूळ मुद्द्यावर यावे. लेखी संमती.

सचिव: नेने साहेब, तोच मुद्दा पत्रात पहिला घेत आहोत. मुख्याध्यापकांना द्यायच्या पत्राचा मसुदा असा आहे: पालकांच्या लेखी संमतीशिवाय बाहेरच्या वक्त्याला बोलावू नये, विद्यार्थ्यांकडून घेतलेले मोबाईल क्रमांक नष्ट करावेत, कोणत्याही योजनेचे पत्रक वर्गात वाटू नये आणि शिकवण्याचे काम वर्गशिक्षकांनीच वर सांगितलेल्या कार्यपुस्तिकांच्या आधारे करावे. रविवारी सायंकाळी सह्यांसाठी कागद कार्यालयात ठेवला जाईल. कदम साहेब, आपलीही सही असावी अशी विनंती आहे.

सी-३०४ कदम: शाळेचे आभार मानणारे एक वाक्य सुरुवातीला घातले, तर मी सही करीन.

सचिव: घालतो. यंदाच्या स्टॉलची वही आठवी-नववीच्या मुलांकडे द्यावी आणि शिंदे साहेबांनी ती रोज रात्री तपासावी, असेही सुचवतो.

ए-५०१ देशपांडे काकू: मान्य आहे. मात्र घरून आणलेल्या तेलाची आणि बटाट्यांचीही बाजारभावाने किंमत वहीत लिहावी, मग ते कोणीही दिलेले असोत.