पाकिटांवरची नावं बोरूनेच लिहा

हातकागदाच्या (हाताने बनवलेल्या कागदाच्या) लग्नपत्रिकेच्या पाकिटांवर शाई फुटते, तर नावं छापूनच घ्यावीत का, असं विचारलं जातं. माझं मत, नको. आम्ही गुहागरला बहिणीच्या लग्नाची पाकिटं घरीच लिहिली. तुळशीचं लग्न झालं तरी हवेत ओल होतीच आणि हातकागद ती चटकन ओढून घेतो. म्हणून गठ्ठा आदल्या रात्री बंद डब्यात ठेवायचो आणि दुपारच्या कोरड्या वेळेत लिहायला बसायचो. साध्या शाईऐवजी पोस्टर कलर थोडा दाटसर कालवून घेतला, त्यात डिंकाचं पाणी दोन थेंब. अक्षराची कड स्वच्छ राहिली.

आता खरा मुद्दा लेखणीच्या टोकाचा. इंग्रजी कॅलिग्राफीच्या सेटमधली निब देवनागरीला तशीच चालत नाही. आपल्या अक्षराची जाड-बारीक लय उलट्या तिरक्या कापाने येते. त्यामुळे बोरू (पोकळ काडीची लेखणी) किंवा बांबूची काडी स्वतः तासलेली उत्तम. टोकाला मधोमध बारीक चीर द्यायला विसरू नका, शाई तिथूनच उतरते.

रोज थोडीच पाकिटं घ्या, हात थकला की शिरोरेषा आधी वाकडी होते. ‘चि. सौ. कां.’ लहान अक्षरात ठेवा, नावाला जागा द्या. ‘कऱ्हाडकर’सारख्या आडनावातला ऱ्ह आधी रद्दी कागदावर गिरवून बघा. आणि ग्रामदेवतेपुढे ठेवायची पहिली पत्रिका शेवटी लिहा. तोवर हात चांगला बसलेला असतो.