टोकियोच्या लोकलमध्ये पोरांना गप्प कसं बसवायचं?

टिळकवाडीकर:
मे महिन्यात टोकियोला निघालोय. आम्ही दोघं, आई, मुलगी ९ वर्षांची, मुलगा ५ चा. तिथं गाडीत कुणी बोलत नाही म्हणे. आमच्या पोरांना मिरज पॅसेंजरची सवय. तिथली माणसं वेळ कसा काढतात? तिकिटाचंही सांगा.

खानापुरी:
बोलायला बंदी नाही ओ, आवाज खाली हवा. फोनवर बोलणं मात्र वाईट दिसतं. मोबाइल सायलेंट, कार्टून हेडफोन लावूनच. बहुतेक जण मोबाइलात, बाकीचे डुलक्या घेतात नाहीतर वाचतात. पुस्तकं ए-६ मापाची, खिशात मावणारी. दुकानदार वर कागदी कव्हर घालून देतो, त्यामुळे शेजारी काय वाचतोय ते कळायचं नाही.

मुलीला वही द्या. यामानोते ही गोल फिरणारी लाइन: ३४.५ किमी, ३० स्टेशनं, पूर्ण फेरीला साधारण तास. प्रत्येक स्टेशनाला नंबर असतो. टोकियो १, शिंजुकू १७, शिबुया २०. दाराच्या वरच्या स्क्रीनवर पुढची स्टेशनं नि लागणारी मिनिटं दिसतात, ती तिनं टिपायची. शिंजुकूहून शिबुयाला जाताना १८ च्या जागी १६ आला, की समजायचं उलट्या बाजूची गाडी पकडली. उतरा, समोरून दुसरी येतेच. पोरगा लहान आहे, त्याला खिडकी पुरते.

लोंढा जंक्शन:
तिकीट: ६ ते ११ वयाला अर्धं. सहाखालच्याला फुकट, एका मोठ्या माणसामागे दोन पोरं. मुलीसाठी मुलांचं कार्ड (आधी पैसे भरून गेटला टेकवायचं, तिकिटाऐवजी) तिकीट खिडकीवर पासपोर्ट दाखवून घ्या, वयाचा पुरावा लागतो. एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. आत गेल्याची नोंद त्यावर असते, परत टेकवलं की गेट बंद. पैसे कमी पडले तर बाहेर पडायच्या गेटाजवळ फरक भरायचं मशीन असतं, घाबरायचं कारण नाही.

साडेसात ते साडेनऊ गाडी टाळाच. टाळता नाही आली तर सॅक पाठीवरून काढून पुढं घ्या. आईंना डब्याच्या टोकाची राखीव सीट बघा.

टिळकवाडीकर:
आणि भडंग?

खानापुरी:
लोकलमध्ये नको, वास नि सांडलवंड दोन्ही. शिंकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, खुशाल खावा, तिथं सगळेच डबे उघडून बसतात. फक्त मोठी बॅग बघा. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंमीच्या वर गेली तर टोकियो-ओसाका मार्गावर सामानाच्या जागेसकट सीट आधीच बुक करावी लागते.